लाखात तीन कमी

करंजवाडी, ता. नेवासा
२ मार्च २०२५

प्रिय सहादू,

रामराम. अक्षर ओळखलं असशीलच. न वाचता फाडून टाकायचं मनात आलं असेल तर तो तुझा हक्क आहे. पण बातमी तुझ्या लेकीची आहे, तेव्हा फाडायच्या आधी एकदा वाच. तुझा पत्ता अश्विनीने काढून दिला. अश्विनी म्हणजे माझी नात, थोरलीची मुलगी. आमच्याकडे राहून नेवाशाच्या कॉलेजात बी.एस्सी. करते.

परवा विज्ञान दिन होता. अश्विनी म्हणाली, "आबा, चला व्याख्यानाला. तुम्ही पण सायन्सवालेच की." चौतीस वर्षं गावच्या दूध संस्थेत लॅक्टोमीटरची काच दुधात सोडली आणि डिग्री वाचली, एवढंच माझं सायन्स. तरी गेलो. निवृत्त माणसाला कुठेही बोलावलं तरी तो जातो.

स्टेजमागच्या बॅनरवर नाव होतं: डॉ. यशोधरा सहादू साळवे. मधलं नाव वाचलं आणि मी खुर्चीत खाली सरकलो. रोज सकाळी किटली घेऊन पाटाच्या कडेने संस्थेत यायची ती बारा वर्षांची पोरगी. आता डोळ्यांना चष्मा, केस जरा पिकलेले, आणि समोर तीनशे पोरं चिडीचूप. कपाळ तुझं आहे. बोलायची ढब मात्र आईची, आक्कावहिनींची, एक वाक्य बोलायचं आणि समोरच्याकडे बघत थांबायचं.

तिने सांगितलं ते माझ्या भाषेत लिहितो, चुकलं तर तिलाच विचार. आफ्रिकेत ओक्लो नावाच्या जागी युरेनियमची खाण आहे. १९७२ साली तिथला माल फ्रान्सच्या कारखान्यात तपासला. युरेनियममध्ये एक भाग असा असतो की तो फुटतो आणि त्यावर अणुभट्टी चालते. तो भाग पृथ्वीवर कुठेही खणलं तरी लाखात सातशे वीसच भरतो म्हणे. या मालात सातशे सतरा भरला. लाखात तीन कमी. आमच्यातला कुणी असता तर म्हणाला असता, काट्याचा फरक असेल, चहा सांगा.

त्या लोकांनी चहा सांगितला नाही. बॉम्बच्या कामाचा जिन्नस, तेव्हा पहिली शंका चोरीची. पण त्यांनी माणसांची गचांडी धरली नाही. माल जिकडून आला तिकडे ते उलटे तपासत गेले. हा कारखाना झाला, त्याच्या आधीचा झाला, असं करत थेट खाणीपर्यंत. तर खाणीतल्या दगडातच तो भाग कमी! कुणी काही नेलंच नव्हतं. दोनशे कोटी वर्षांपूर्वी, माणूस सोड, जमिनीवर गवताची काडी नव्हती तेव्हा, त्या खडकात आपोआप अणुभट्टी पेटली होती आणि तो भाग तिथल्या तिथे जळून गेला होता.

शेवटी प्रश्न विचारा म्हणाले. पोरं गप्प. मीच उभा राहिलो. विचारलं, "बाई, सुरुवातीला कुणावर आळ आला नाही का?" ती हसली. म्हणाली, "नाही काका. त्यांनी माणसं नाही तपासली, दगड तपासला." मला काका म्हणाली. ओळखलं नव्हतं. मीही सांगितलं नाही. अश्विनी म्हणत होती, फोटो काढू. मी म्हटलं, एसटी चुकेल.

घरी आल्यापासून मे १९९९ डोक्यातून जात नाही. तुझ्या काबरी गाईचं दूध संस्थेत अठ्ठावीसऐवजी सव्वीस डिग्री भरलं. डिग्री उतरली म्हणजे दुधात पाणी, असा संस्थेचा हिशेब. फळ्यावर तुझं नाव लागलं, दूध बंद झालं, आणि पंधरा दिवसांत तू बिऱ्हाड मोडून नगरला गेलास. मी परीक्षक होतो. काचेने दाखवलं ते मी लिहिलं. माझ्या जागी कुणीही तेच केलं असतं. तरी वाईट वाटतं, हे सांगायला हे पत्र. वरातीमागून घोडं, पण आलं एकदाचं.

आक्कावहिनींना नमस्कार सांग. त्यांच्या हातच्या शेंगदाण्याच्या चटणीची आठवण काढली म्हणावं.

तुझा
गहिनीनाथ


करंजवाडी
२४ मार्च २०२५

प्रिय सहादू,

तुझं उत्तर आलं नाही, येईल अशी अपेक्षाही नव्हती. पण काल अश्विनीने यशोधराला फोन केला, पुढच्या शिक्षणाचं विचारायला. त्यात कळलं की वहिनी २०१९ सालीच गेल्या. आणि मी त्यांना चटणीचा निरोप पाठवून बसलो. ते पत्र तू वाचलं असशील तर त्या ओळीवर तुझं काय झालं असेल, ते मला कळतं. नगर इथून साठ किलोमीटर. सव्वीस वर्षांत त्या रस्त्याने मी शंभरदा गेलो असेन, दवाखान्याला, लग्नांना, एकदा नुसता चष्मा बदलायला. सावेडीत तुझं घर आहे हे ठाऊक होतं. रिक्षावाल्याला सांगायला तोंड उघडलं नाही.

मागच्या पत्रात मी लिहिलं की काचेने दाखवलं ते मी लिहिलं. ते वाक्य नीट नाही. थोडं थोडं करून नीट करतो.

आधी शेवटच्या कॅनचं. तुला ते माहीत होतं की नव्हतं, मला आजवर कळलेलं नाही. संस्थेत प्रत्येकाचं दूध मोजून एकाच कॅनमध्ये ओतायचं असतं. भीमनगरातून तुझं एकट्याचं दूध यायला लागलं, तेव्हा चार-पाच सभासद चेअरमन आसाराम अण्णांकडे गेले. म्हणाले, आमचं दूध एका कॅनात नको, न्हाईतर आमी खासगी डेरीला घालतो. अण्णा मला म्हणाले, "बघ काय जमतंय." मी जमवलं. तुझा नंबर रोज शेवटी लावला. यशोधरा लवकर आली तरी तिला म्हणायचो, "थांब बाळ, गर्दी सरू दे." शेवटच्या कॅनात तुझं दूध एकटं जायचं. भांडण नाही, तक्रार नाही. मला वाटायचं मी केवढा शहाणा. ती पोरगी खांबाला टेकून अर्धा अर्धा तास उभी असायची, शाळेची घंटा ऐकू यायची, तरी कधी कुरकुरली नाही.

मग फळ्याचं. "भेसळ: सहादू साळवे" हे माझं अक्षर. अण्णा म्हणाले होते, तुझं अक्षर चांगलं आहे, तू लिही. शाळेत केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला मला पातळी वाचता यायची नाही. तू शिकवलंस, काच डोळ्यासमोर धर, वरून बघू नको, वरून बघितलं की खोटं दिसतं. तुझ्याकडून शिकून मी नोकरीला लागलो आणि तुझंच नाव फळ्यावर लिहिलं. आठ दिवस कुणी पुसलं नाही. मीही नाही.

आता गोठ्याचं. नियम असा होता की कुणाचं दूध कमी भरलं आणि त्याने हरकत घेतली, तर परीक्षकाने त्याच्या गोठ्यावर जायचं, आपल्यासमोर गाय पिळून घ्यायची आणि ते दूध तपासायचं. तिथे डिग्री पुरी भरली तर पाणी नंतर पडलं, माणूस दोषी. तिथेही कमीच भरली तर तो गाईचा गुण, माणूस सुटला. गाय चारा-पाण्याने, उन्हाने, जातीने पातळ दूध देऊ शकते, हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं. हरकत तूच घेतलीस. मी सकाळी आलो. वहिनींनी कास धुतली, माझ्यासमोर दूध काढलं, बाटली भरून दिली. काच संस्थेबाहेर न्यायची नाही असा नियम, म्हणून बाटली घेऊन मी निघालो. म्हटलं, चल तूही, बघायला. तू वैरण कापत होतास. मान वर न करता म्हणालास, "तू हाईस ना? मंग मी कशाला?"

मीटिंगला मी सांगितलं की गोठ्यावर अठ्ठावीस भरलं. म्हणजे गाय चोख, आणि पाणी घरात नाहीतर वाटेत पडलं. तू माझ्याकडे बघितलंस, मग वहिनींकडे. आणि उठून गेलास.

यशोधराने व्याख्यानात आणखी एक सांगितलं होतं. ती खडकातली भट्टी सलग जळत नव्हती. पाणी झिरपलं की पेटायची, साधारण अर्धा तास चालायची, तापून पाण्याची वाफ झाली की विझायची. अडीच तासांनी गार झाली की पाणी परत आत, परत पेटायची. लाखो वर्षं असं. आपण पाण्याने विझवतो, तिथे पाण्यानेच पेटत होतं. मी हॉलमध्ये बसून विचार करत होतो की हे मला अनोळखी नाही.

पुढचं आज लिहवत नाही.

गहिनीनाथ


करंजवाडी
१६ एप्रिल २०२५

सहादू,

तुझं कार्ड आलं. पोस्टमन म्हणाला, कार्ड आता कोण लिहितं? चार वेळा वाचलं. चारच ओळी आहेत, पाठच झाल्या:

"गहिनीनाथ, दोन्ही पत्रं मिळाली. बाकीचं राहू दे. एकच सांग. गोठ्यावरच्या बाटलीत किती भरलं होतं? आकडा लिही."

सव्वीस.

लिहिला. पुढे काही न लिहिता पत्र बंद करावं असं वाटतं, कारण पुढे जे लिहीन ते सारवासारव दिसेल. पण तू आकडा मागितलास तसं कारणही कधीतरी मागशील, आणि तेव्हा मी असेन-नसेन.

बाटलीतलं दूध जारमध्ये ओतलं, काच सोडली, डोळ्यासमोर धरली. सव्वीस. फेस बसू दिला, पुन्हा पाहिलं. सव्वीस. खोलीत मी एकटा. सव्वीस लिहिलं की तू सुटलास, गाय पातळ, माणूस खरा. पण फळा आधीच लागला होता. तो पुसावा लागला असता, संस्थेने चूक कबूल करावी लागली असती, तुझं दूध परत सुरू आणि ते चार-पाच सभासद परत अण्णांच्या दारात. आणि मी बारा वर्षं रोजंदारीवर. त्याच महिन्यात मला कायम करायचा ठराव यायचा होता.

अण्णांनी मला अठ्ठावीस लिही असं सांगितलं नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण पुष्कळ वर्षं मी स्वतःला असं पटवत होतो की त्यांनी सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "नीट बघ." मी नीट बघितलं आणि अठ्ठावीस लिहिलं. मग दूध मोरीत ओतलं आणि बाटली राखेने घासली. जूनमध्ये कायम झालो. पेढे वाटले. पेढेही आपल्याच संस्थेच्या दुधाचे.

याहून वाईट पुढे आहे. काबरीला तू घोडेगावच्या बाजारात विकलीस. व्यापाऱ्याने ती दुसऱ्या आठवड्यात पुन्हा बाजारात आणली आणि घेतली कुणी, तर आपल्याच गावच्या बन्सीने. दावं धरून तो तिला तुझ्या रिकाम्या गोठ्यावरून घेऊन गेला. त्याचं दूध संस्थेत आलं. मी काच सोडली. सव्वीस. बन्सी म्हणाला, "गाय जरा पातळ देती बरं का भाऊसाहेब." मी म्हटलं, असतो एखाद्या गाईचा गुण. वहीत "गाय पातळ" असा शेरा मारला आणि दूध घेतलं. पहिल्या कॅनात. चार वर्षं घेतलं. तीच गाय, तीच काच, तोच मी.

अण्णांना, त्या सभासदांना, बन्सीला, कुणालाच शंका आली नाही. किंवा आली असेल आणि सगळ्यांनी माझ्यासारखीच गिळली असेल. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, इथे तर चोर नव्हताच.

मी तुझ्या पोटावर पाय दिला, एवढंच मला वाटत आलं. गाय गेली, गाव सुटलं, इज्जत गेली. पण तुझं कार्ड वाचून असं वाटलं की तू वेगळंच काही मोजतो आहेस. बाकीचं राहू दे म्हणतोस. इज्जतीपेक्षा मोठं बाकी काय होतं, सहादू? माझ्या खोट्याने तुझ्या घरात काय केलं ते मला माहीत नाही. सांगितलंस तर ऐकेन.

गहिनीनाथ


करंजवाडी
१२ मे २०२५

सहादू,

तू काही विचारलं नाहीस, तरी कळवतो. काल सकाळी संस्थेत गेलो, भर गर्दीच्या वेळी. पत्रात कबूल करणं सोपं असतं, पाकिटाला तोंड नसतं. वजनकाट्याजवळ उभा राहिलो आणि मोठ्याने सांगितलं: १९९९ साली सहादू साळवेच्या दुधात पाणी नव्हतं, गोठ्यावरचं दूध सव्वीस भरलं होतं, मी अठ्ठावीस सांगितलं, आणि बोर्डावरचं नाव खोटं होतं.

गाव पेटेल असं मला वाटलं होतं. नवा सेक्रेटरी ज्ञानेश्वर तिशीतला आहे. त्याने मोबाईलवरून नजर काढून विचारलं, "कोन सहादू, आबा?" रांगेतल्या एकाने सांगितलं की भीमनगरात पूर्वी कुणीतरी होतं. ज्ञानेश्वर म्हणाला, "आता मशीन हाय आबा. चिठ्ठी आपोआप निगती, मानसाचा हातच लागत न्हाई. तुमी कशाला टेन्शन घेता?" आणि मला चहा सांगितला.

रंगुबाई तेवढी थांबली. ऐंशीची झाली आहे, अजून दूध स्वतः आणते. मला खालपासून वरपर्यंत न्याहाळून म्हणाली, "मी तवाच म्हनले हुते, सहादूची आकी तसली न्हाई. तुमी बापय लोक काच बघता, मानूस न्हाई बघत." मग किटली उचलून चालू लागली.

तिथून अण्णांकडे गेलो. अंथरुणावर आहेत, पण डोकं शाबूत. सगळं ऐकून म्हणाले, "मी तुला अठ्ठावीस लिही म्हनलो हुतो का?" म्हटलं, नाही. "मंग? आता हे उकरून कुनाचं भलं व्हनार हाय?" तुलाही तोच प्रश्न पडला असेल. त्या ओक्लोच्या खडकात भट्टी विझल्यावर जो कचरा उरला, तो दोनशे कोटी वर्षांत जेमतेम काही हात सरकला, असं यशोधरा सांगत होती. उकरला नसता तर कुणाला कळलंही नसतं. तरी उकरला.

गावाने ऐकलं एवढं तुला सांगायचं होतं. ऐकलं म्हणजे कानावर पडलं.

गहिनीनाथ


करंजवाडी
५ जून २०२५

सहादू,

परवा तू येऊन गेलास. जाताना म्हणालास, आता लिहू नको. हे एक लिहितो आणि थांबतो. तू बोललास ते मला विसरायचं नाही, आणि माझ्या डोक्यावर माझा भरवसा नाही. ते जसंच्या तसं कागदावर असावं आणि तुझ्याकडे असावं. एखादा शब्द मी इकडचा तिकडे केला असेल तर दुरुस्त कर. आकड्यांच्या बाबतीत माझा लौकिक तुला माहीत आहे.

फाट्यावर उतरून तू चालत आलास. काठी होती. रतनने, माझ्या मंडळीने, ओट्यावर सतरंजी टाकली आणि चहा ठेवायला निघाली, तर तू म्हणालास, "वैनी, कोरा करा. म्हैना झाला, मी दूध घेत न्हाई." मला वाटलं डॉक्टरने सांगितलं असेल. तसं विचारलंही.

मग म्हणालास, "तू इचारलंस ना, खोट्यानं घरात काय केलं. ऐक." आणि जमिनीकडे बघत सांगितलंस.

"तू मिटिंगला अठ्ठावीस म्हनलास. मी इश्वास ठिवला. गहिन्या काच वाचतोय, तो कसा चुकंल? मीच शिकिवलेला. मंग पानी कुनी घातलं? मी न्हाई. दूध काढायची आकी, घिऊन जायची यशू. पोरगी बारा वर्साची. म्हंजी आकी. घरी जाऊन मी तिला इचारलं. ती न्हाई म्हनली. तीन दिवस इचारत हुतो. काचंपुढं तुजं काय चालनार, म्हनलो. चौथ्या दिवशी ती म्हनली, व्हय, मीच घातलं. पोरीला काय बोलू नका."

मी मध्येच बोललो, "पण त्यांनी तर घातलंच नव्हतं."

"न्हवतंच. तिला वाटलं यशूचा पाय घसरला आसंल पाटावर, दूध सांडलं आसंल, आन् भ्यानं पाटाचं पानी घातलं आसंल. म्हनून स्वताच्या आंगावर घेतलं. यशूला एकदा इचारलं हुतं तिनं, लई वर्सांनी, पाटावर पडली हुतीस का गं तवा? यशूला कायच समजलं न्हाई. तुजं पत्र आल्यावर मी यशूला सगळं सांगितलं, तवा ती रडाय लागली. म्हनली, बाबा, मला आजपातूर वाटत हुतं आईनंच घातलं. तिला वाईट वाटू ने म्हनून मी कदी इषय काढला न्हाई."

रतन चहा घेऊन दारात उभी होती, ती तिथेच थांबली. तू बोलत राहिलास.

"मी आकीला मारलं न्हाई, शिवी दिली न्हाई. म्हनलो, जाऊ दे, गरिबीत व्हतं आसं, मी तुला माफ केलं. लई मोठं मन केल्यागत वाटलं मला. नगरला आल्यावर दूध मीच आनायचो, मीच तापवायचो, मीच चहात घालायचो. तिच्या हातात भांडं दिलं न्हाई. वीस वर्सं. बाकी सगळं घर तिच्या हातात, दूध तेवढं माज्या. तिनं एकदा बी इचारलं न्हाई, का म्हनून. शेवटी दवाखान्यात मी तिला चमच्यानं दूध पाजत हुतो, तर म्हनली, आता तरी भरवसा हाय का? मी म्हनलो, आगं, तवाच माफ केलं की तुला. तिनं मान हलिवली आन् दूध पिली."

सव्वीस वर्षं मी स्वतःला सांगत आलो की माझ्या खोट्याने एक गाय विकली गेली आणि एक कुटुंब शहरात गेलं, तिथे उलट पोरगी शिकली, डॉक्टर झाली. असाही हिशेब मी मांडत होतो, सहादू, तुझ्यापासून काय लपवू? त्या हिशेबात वहिनींचं नाव कुठेच नव्हतं. गोठ्यावर बाटली देताना त्यांनी बाटलीचं तोंड पदराने पुसलं होतं आणि म्हणाल्या होत्या, "भाऊजी, नीट बघा हां." अण्णांचं "नीट बघ" मला इतकी वर्षं आठवत राहिलं. वहिनींचं तू बोलत असताना आठवलं.

मी ओट्यावरून उतरलो. तुझ्या पायांशी बसलो आणि म्हणालो, माझी लायकी नाही, पण मला माफ कर.

तू काठी बाजूला ठेवलीस. आवाज चढवला नाहीस. म्हणालास, "ते मागू नको, गहिन्या. एकदाच दिली मी माफी जन्मात. जिनं काय केलं न्हवतं तिला दिली, आन् तिनं ती मान खाली घालून घितली. आता माज्याकडं द्यायला न्हाई."

कोरा चहा तू सगळा प्यालास. साडेचारच्या एसटीने गेलास. मी फाट्यापर्यंत बरोबर आलो. तू नको म्हणाला नाहीस. गाडीत तुला खिडकीची जागा मिळाली.

गहिनीनाथ